बेकर बीच : विवस्त्र ऊन खाण्याच्या वहिवाटीची पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर गोल्डन गेट पुलाचे छायाचित्र घ्यायला आलेला पर्यटक पुलाच्या दिशेने चालत राहिला, तर उत्तर टोकाशी विवस्त्र ऊन खात पडलेली माणसे त्याला दिसू लागतात. शहराच्या रस्त्यावर ज्यासाठी दंड होतो, ते याच शहरातील वाळूवर चालते. त्याचे कारण जमिनीच्या मालकीत आणि एका विशेषणाच्या अर्थात आहे.

ही जमीन पूर्वी लष्करी छावणीची होती आणि १९०४ मधील तोफखाना किनाऱ्यालगत अजून उभा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात किनारा आला, म्हणजे तो केंद्र सरकारचाच राहिला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल अधिक महत्त्वाचा ठरला. राज्यातील एका निर्जन किनाऱ्यावर टॉवेल अंथरून नग्नावस्थेत झोपी गेलेल्या माणसाला पोलिसांनी पकडले होते, आणि अंगप्रदर्शनाच्या ज्या कलमाखाली त्याला दोषी ठरवले गेले, त्यानुसार लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करणे त्याला भाग होते. कलमात नुसती नग्नता नव्हे, तर ‘अश्लील’ रीतीने केलेले प्रदर्शन अपेक्षित होते. स्वतःची वा इतरांची कामवासना चाळवण्यासाठी, तिच्या तृप्तीसाठी किंवा लैंगिक अवमानासाठी गुप्तांगांकडे लक्ष वेधण्याचा हेतू असल्याखेरीज हे विशेषण लागू होत नाही, असे सांगून न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. अंगावर वस्त्र नसणे आणि मनात वासना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ‘दिगंबर’ आणि ‘अश्लील’ असे दोन निराळे शब्द बाळगणाऱ्या मराठी वाचकाला चटकन पटावे. तरीही या निकालाने विवस्त्र वावराचा हक्क दिला, असे जे सर्रास सांगितले जाते ते बरोबर नाही. त्याने त्या एका कलमाची धार बोथट केली. स्थानिक नियमांना जागा राहिली.

ती जागा शहराने पुढे वापरली. एका चौकातील नग्न वावरामुळे व्यापारी आणि रहिवासी यांच्यात वाद पेटल्यावर, नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकप्रतिनिधींनी सहा विरुद्ध पाच मतांनी सार्वजनिक नग्नतेवर बंदी घातली आणि १ फेब्रुवारी २०१३ पासून ती अमलात आली. परवानगी घेतलेल्या मिरवणुका वगळल्या गेल्या; केंद्राच्या मालकीचा बेकर बीच तर या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिला. इतक्या निसटत्या बहुमताने झालेल्या निर्णयाला शहराची नैतिक भूमिका म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

केंद्राच्या यंत्रणेने मात्र येथे सगळेच चालू दिले, असे नाही. १९८६ मध्ये याच वाळूवर काही मित्रांनी आठ फुटी लाकडी पुतळा जाळून ज्या वार्षिक सोहळ्याची सुरुवात केली, त्यातील दहन १९९० मध्ये पोलिसांनी रोखले आणि सोहळा नेवाडाच्या वाळवंटात गेला. विवस्त्र ऊन खाणारे होते तेथेच राहिले.