बहुवारिकांतील शिथिलन (विद्युत् अपारक व यांत्रिक)

विद्युत् अपारक (वीज न वाहू देणाऱ्या) पदार्थावरील विद्युत् क्षेत्र किंवा यांत्रिक ताण बदलल्यावर त्यातील रेणू वा त्यांचे भाग नव्या समतोलाकडे ज्या विलंबाने जातात, त्या प्रक्रियेस शिथिलन म्हणतात. क्षेत्र सतत उलटसुलट होत असेल तर द्विध्रुव (एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार असलेले रेणू वा त्यांचे भाग) आणि ताण उलटसुलट होत असेल तर बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या, म्हणजे लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेल्या लांब रेणूच्या) साखळीचे तुकडे त्याच्या मागे पडतात; या कलांतरामुळे ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो आणि बाह्य कंप्रता (वारंवारता) रेणवीय हालचालीच्या वेगाशी जुळते तेथे ऊर्जाव्ययाचे शिखर दिसते. पीटर डिबाय यांचे एकाच शिथिलन काळावर उभे असलेले गणित साध्या ध्रुवीय द्रवांना बरेचसे लागू पडते, पण बहुवारिकांतील शिखरे त्याहून खूप रुंद असतात. त्यांच्यासाठी विल्यम्स आणि वॉट्स यांनी १९७० मध्ये जे ताणलेले घातांकी सूत्र (साध्या घातांकी घटीपेक्षा लांबत जाणारी घट दाखवणारे) वापरले, ते कोलराउश यांनी १८५४ मध्येच विद्युत् प्रभार ओसरण्याच्या अभ्यासात मांडले होते.

काच संक्रमण तापमानाशी (ज्याखाली बहुवारिक काचेसारखे गोठते) निगडित असलेले मुख्य, म्हणजे अल्फा शिथिलन साखळीच्या तुकड्यांच्या सहकारी हालचालीतून येते व थोड्या अंशांच्या फरकानेही त्याचा वेग अनेक पटींनी बदलतो. त्याखालच्या तापमानांत दिसणारी बीटा, गॅमा ही दुय्यम शिखरे मात्र आरेनियस यांच्या साध्या नियमाने (एका ठराविक ऊर्जा-अडथळ्यानुसार वेग तापमानाबरोबर वाढतो) चालतात. कोणते शिखर रेणूच्या कोणत्या भागाचे, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे आणि नुसत्या बहुवारिकाकडे पाहून तो सहसा सुटत नाही. सदृश लहान रेणू शेजारी ठेवून पाहावा लागतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पॉलिसायक्लोहेक्झिल मेथॅक्रिलेटचे आहे; या बहुवारिकाच्या साखळीला सहा कार्बन अणूंची सायक्लोहेक्झेनसारखी कडी टांगलेली असतात. त्याची पट्टी पिळून सोडली आणि सेकंदाला एक या गतीने झोके घेऊ दिले, तर तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना झोके लवकर विरतात, जरी साखळी तेव्हा पूर्ण गोठलेली असते. नेदरलंड्समधील हाइबूर यांनी या शिखराची सक्रियण ऊर्जा (हालचालीसाठी ओलांडावा लागणारा अडथळा) मोलमागे सुमारे ४७ किलोज्यूल काढली. द्रव सायक्लोहेक्झेनमधील कड्याच्या खुर्चीरूपी घडणीची उलटापालट चुंबकीय अनुस्पंदनाने मोजली, तर अडथळा सुमारे ४५ किलोज्यूल येतो. म्हणजे साखळीला टांगलेले कडे जणू मोकळ्या रेणूसारखेच उलटते. वरील आकड्यांच्या हिशेबाने खोलीच्या तापमानाला सेकंदाला काही दहा हजार वेळा. कड्याला स्वतःचा लक्षणीय द्विध्रुव नसल्याने विद्युत् मापनात ही हालचाल क्षीण दिसते, म्हणून विद्युत् व यांत्रिक ही दोन्ही मापने एकमेकांना पूरक ठरतात.

लहान रेणूंनीच पुढे या विचाराला मर्यादाही घातली. जोहारी आणि गोल्डस्टीन यांना १९७० मध्ये क्लोरोबेंझीन व डेकॅलिनच्या काचरूप मिश्रणातही बीटा शिखर आढळले. क्लोरोबेंझीनच्या ताठ रेणूत तर वळण्याजोगा भागच नाही. त्यामुळे पार्श्वगट (साखळीला बाजूने टांगलेला अणुगट) आहे म्हणून बीटा शिखर त्याचेच, असे गृहीत धरणे चूक ठरते. पीव्हीसीमध्ये (पॉलिव्हिनिल क्लोराइड) क्लोरीनचा अणू थेट साखळीला जोडलेला असतो, तरीही काच संक्रमणाखाली रुंद बीटा शिखर मिळते, आणि ते साखळीच्याच स्थानिक हालचालींचे मानले जाते.