मालदिनीच्या निरोपाला शिट्ट्या का वाजल्या, त्याची पार्श्वभूमी

२४ मे २००९, इटलीतल्या मिलान या फुटबॉल क्लबचं मैदान सान सिरो, मिलान विरुद्ध रोमा. मिलानचा कॅप्टन, डिफेंडर पाओलो मालदिनीची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. मिलान ३-२ ने हरली, ते सोडा. मॅच संपल्यावर हा माणूस मैदानाला चक्कर मारत लोकांचा निरोप घेत होता, अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि गोलमागच्या एका स्टँडमधून, म्हणजे मिलानचे कट्टर फॅन बसतात त्या कुर्वा सूदमधून, शिट्ट्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे दाद, थेटरात हिरोची एंट्री झाली की वाजते ती. इटलीत बरोबर उलटं, तिकडे शिट्टी म्हणजे हुर्यो. वर ६ नंबरची, म्हणजे मालदिनीच्या आधीचा कॅप्टन बारेसी याची, भलीमोठी जर्सी फडकवलेली, आणि कॅप्टन एकच, बारेसी, अशा अर्थाच्या घोषणा.

२५ सीझन एकाच क्लबमध्ये, ९०२ मॅच, ७ वेळा लीग, ५ वेळा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, आणि निरोप असा. मला तेव्हा काही कळलंच नव्हतं, वाटलं विरोधी टीमचे फॅन असतील. नंतर खोदत गेलो तेव्हा लक्षात आलं की याची गोष्ट बरीच मागे जाते, पाओलोच्या जन्माच्याही आधी.

सुरुवात त्याच्या बापापासून. चेझारे मालदिनी, त्रिएस्तेचा माणूस, पन्नाशीच्या दशकात मिलानमध्ये आला, डिफेंडरच, आणि पुढे कॅप्टन झाला. २२ मे १९६३ ला लंडनच्या वेम्बलीवर मिलानने बेनफिकाला २-१ ने हरवलं आणि युरोपियन कप पहिल्यांदा इटलीत आला, तो कप उचलणारा हा चेझारे. खेळ एकदम देखणा, पण कधीकधी स्वतःच्याच गोलसमोर नजाकत दाखवायला जायचा आणि बॉल घालवायचा, इतक्यांदा की इटालियन पेपरांनी अशा घोळाला त्याच्याच नावावरून 'माल्दिनाते' असा शब्द पाडला. पुढे याच आडनावाचा अर्थ बचावात चूक न करणारा माणूस असा झाला, ही गंमत आहे.

पाओलोचा जन्म २६ जून १९६८, मिलानमध्येच. दहाव्या वर्षी क्लबच्या ज्युनियर टीममध्ये. लहानपणी आपण युव्हेंटसचे फॅन होतो हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलंय, पण ज्याचा बाप मिलानचा कॅप्टन होता तो पोरगा दुसरीकडे जाणार कुठे. आता हे आडनाव घेऊन त्याच क्लबात शिरायचं म्हणजे वशिल्याचं तट्टू हा शिक्का ठरलेलाच. आणि क्लबची अवस्था तरी काय होती? १९८० मध्ये मॅच फिक्सिंगच्या भानगडीत मिलानला थेट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं, वर आले, १९८२ मध्ये पुन्हा खाली गेले, यावेळी फिक्सिंग वगैरे काही नाही, खेळच वाईट होता म्हणून. फ्रांको बारेसी या दोन्ही वेळा क्लब सोडून गेला नाही. हे लक्षात ठेवा, कारण कुर्वाच्या मनात बारेसीची जी जागा आहे ती कपांमुळे नाही, या वाईट दिवसांमुळे आहे. पाओलो सीनियर टीममध्ये आला तेव्हा क्लब वर आला होता, आणि साधारण वर्षभरानेच, १९८६ मध्ये, नवा मालक बर्लुस्कोनीने पैशांची पोती ओतायला सुरुवात केली.

पहिली मॅच २० जानेवारी १९८५, उदिने, उदिनेसेविरुद्ध. कडाक्याची थंडी, पोरगा १६ वर्षांचा, हाफ टाइमला बातिस्तिनीच्या जागी कोच निल्स लीडहोमने आत पाठवला. लीडहोम स्वीडिश, आणि चेझारेबरोबर मिलानमध्ये खेळलेला, म्हणजे घरचाच माणूस. १-१ बरोबरी. त्या सीझनला तेवढीच एक मॅच, पण पुढच्या सीझनपासून टीममध्ये त्याची जागा पक्की.

मालदिनीची जागा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, आणि ही जागा इटलीत खास मानाची. इंटरचा फाकेत्ती, मग युव्हेंटसचा काब्रीनी, आणि त्यांच्या रांगेत हा. फरक एवढाच की मालदिनी मुळात उजव्या पायाचा. डावा पाय त्याने घासून घासून इतका तयार केला की अजूनही कित्येक लोक त्याला डावखुराच समजतात.

मग १९८७ मध्ये कोच म्हणून आला आरिगो साक्की. मोठा खेळाडू कधीच नव्हता, आधी बापाच्या बुटांच्या कारखान्याचा माल विकायचा. इटालियन डिफेन्स म्हणजे तोपर्यंत काय, तर प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, मागे एक मोकळा ठेवायचा आणि खाली बसून राहायचं. साक्कीने हे सगळं मोडलं. माणूस नाही धरायचा, जागा धरायची, चौघांनी एका दोरीत बांधल्यासारखं पुढे सरकायचं, समोरचा आपोआप ऑफसाइडमध्ये, म्हणजे नियमाबाहेर. बॉल नसतानाच तासन् तास प्रॅक्टिस, नुसतं सरकायचं. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी, ही चौकडी तिथे तयार झाली. साक्की एक किस्सा सांगायचा, की हे चौघं आणि गोलकीपर अशा पाच जणांसमोर तो दहा जण सोडायचा, त्यात गुलिट आणि व्हान बास्टेन हे मिलानचे गोल मारणारे मोठे खेळाडूसुद्धा, आणि तरी गोल व्हायचा नाही.

१९८८ ला लीग, १९८९ ला बार्सिलोनात स्तेआउआ बुखारेस्टला ४-० ने धुऊन युरोपियन कप, १९९० ला व्हिएन्नात बेनफिकाला १-० ने हरवून पुन्हा तोच कप. साक्की गेला, कापेलो आला, आणि लीगमध्ये ओळीने ५८ मॅच हार नाही. १९९३-९४ च्या सीझनला तर ३४ मॅचमध्ये खाल्लेले गोल फक्त १५, आणि केलेले किती, तर ३६. म्हणजे गोल फार होतच नव्हते, पण लीग जिंकली. त्याच वर्षी अथेन्सला बार्सिलोनाविरुद्ध फायनल, बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड, सगळे म्हणत होते आता बार्सिलोनाचा कोच क्रॉइफची पोरं मिलानला फाडणार. मालदिनीला सेंटर बॅकला, म्हणजे डिफेन्सच्या मध्यभागी, आणलं, शेजारी फिलिपो गाली, आणि निकाल ४-० मिलान. मला विचाराल तर मालदिनीचं खरं मोठेपण त्या रात्री दिसलं, कारण रोजची जागाही नव्हती आणि शेजारी रोजचे जोडीदारही नव्हते.

इथे एक सांगून टाकतो, नेटवर मीम फिरतं की मालदिनी टॅकल करायचाच नाही, दर मॅचला अर्धा टॅकल वगैरे आकडे देतात. कुठलीही जुनी मॅच काढून बघा, करायचा, स्लाइडसुद्धा मारायचा, आणि जबरदस्त मारायचा. फक्त आधी योग्य जागी उभा असायचा म्हणून सारखं लोळावं लागायचं नाही.

आता इटलीची निळी जर्सी. इथे मात्र दुर्दैव पाचवीला पुजलेलं. ३१ मार्च १९८८ ला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिली मॅच, तेव्हा वय १९, आणि थेट १४ वर्षं, १२६ मॅच. आमच्या पिढीने याला पहिल्यांदा पाहिलं ते १९९० च्या वर्ल्ड कपला, दूरदर्शनवर, घरच्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद करून. स्वतःच्या देशात वर्ल्ड कप, सेमीफायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नाही, आणि मग नेपल्सला मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने पेनल्टीवर बाहेर काढलं. १९९४ ला कोच साक्कीच, बारेसीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मधल्या मॅच मालदिनीने सेंटर बॅकला काढल्या, फायनलला बारेसी परत आला, ब्राझीलशी १२० मिनिटं ०-०, आणि पुन्हा पेनल्टी. सगळ्यांना इटलीच्या बाज्जिओचा वर गेलेला बॉल आठवतो, पण पहिली पेनल्टी बारेसीनेच वर मारली होती. १९९८ ला कोच कोण, तर चेझारे मालदिनी, बाप कोच आणि पोरगा कॅप्टन, क्वार्टर फायनलला फ्रान्स, ०-०, पुन्हा पेनल्टी, दी बिआजिओचा बॉल क्रॉसबारवर. ओळीने तीन वर्ल्ड कप पेनल्टीवर गेले.

२००० च्या युरोला फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध १-० ने पुढे, इंज्युरी टाइम चालू, आणि विल्तॉरने बरोबरी केली, मग त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत जो गोल पडला की तिथेच मॅच संपायची तो. हातातोंडाशी आलेला घास. आणि २००२ ला दक्षिण कोरिया. त्या मॅचवर रेफरी मोरेनोच्या नावाने इटलीत अजून बोटं मोडतात, तोत्तीला रेड कार्ड दिलं, गोल नाकारला, सगळं खरंय. पण शेवटचा गोल्डन गोल आन जुंग-ह्वानने हेडरने मारला तेव्हा त्याच्या अंगाला लागून उडी मारणारा डिफेंडर मालदिनीच होता, आणि तो कमी पडला. हीच त्याची इटलीसाठीची शेवटची वर्ल्ड कप मॅच. नंतर निळी जर्सी ठेवून दिली. चार वर्षांनी, २००६ ला, इटलीने वर्ल्ड कप जिंकला, पुन्हा फ्रान्सविरुद्ध, आणि पेनल्टीवरच! मालदिनी तेव्हा ३८ चा, क्लबसाठी खेळत होता, म्हणजे चार वर्षं थांबला असता तर, असं म्हणायला सोपं आहे, पण तो थांबला नाही.

क्लबकडे परत येऊ. बारेसी १९९७ ला निवृत्त झाला, त्याची ६ नंबरची जर्सी क्लबने कायमची बंद केली आणि कॅप्टनचा पट्टा मालदिनीच्या दंडावर आला. काळ वाईट होता, १९९७ ला टीम अकरावी आली, पुढच्या वर्षी दहावी. १९९९ ला लीग जिंकली आणि मग कोच आन्चेलोत्तीच्या हाताखाली दुसरा बहर. २००३ ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसला पेनल्टीवर हरवून कप, बापाने इंग्लंडमध्ये कप उचलला त्याला बरोबर ४० वर्षं झाली होती.

आणि मग २५ मे २००५, इस्तंबूल. मॅच सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, पिर्लोची फ्री किक आणि मालदिनीचा गोल. हाफ टाइमला ३-० पुढे. मग लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल केले आणि पेनल्टीवर कप नेला. ही मॅच सगळ्यांना माहितीये, पण शिट्ट्यांचं मूळ मैदानाबाहेर आहे. टीम परतली तेव्हा विमानतळावर कुर्वातले काही जण जाब विचारायला उभे होते, माफी मागा म्हणून. मालदिनीचं टाळकं सटकलं. तो काय बोलला ते चार वर्षांनी निरोपाच्या दिवशी त्यांनीच बॅनरवर लिहिलं, की ज्यांना तू भाडोत्री आणि भिकारी म्हणालास त्यांच्याकडून तुझ्या २५ वर्षांबद्दल धन्यवाद. दुसऱ्या बॅनरचा सूर असा, की मैदानावर तू महान, पण ज्यांनी तुला श्रीमंत केलं त्यांचा मान ठेवला नाहीस.

हे कळायला इटलीतले अल्ट्रा काय प्रकार आहे ते बघायला लागतं. हे नुसते ओरडणारे फॅन नाहीत. तिकिटं, प्रवास, मफलर-झेंड्यांची विक्री, या सगळ्यात त्यांचा हात असतो, खेळाडूंनी आपल्याला धरून राहावं अशी अपेक्षा असते, सरळ सांगायचं तर आपल्याकडे गल्लीतला मोठा मंडळवाला वर्गणी मागताना जसा दारात उभा राहतो तसंच. बरेच खेळाडू गोड बोलून निभावतात. मालदिनीने कधी मंडळाचा उंबरठा ओलांडला नाही. २००७ ला अथेन्सच्या फायनलआधीही तिकिटांवरून वाजलं होतं म्हणतात, तो कप मात्र मिलानने लिव्हरपूललाच २-१ ने हरवून जिंकला, इंझागीचे दोन गोल, आणि कॅप्टन वयाच्या ३८ व्या वर्षी, गुडघ्याची वाट लागलेली असताना, पूर्ण मॅच खेळला.

माझं मत विचाराल तर भांडण विमानतळावरच्या चार शब्दांचं नव्हतंच. कुर्वाला बारेसी आपला वाटायचा कारण तो खेड्यातून आला, आईबाप लवकर गेले, क्लबाबरोबर खाली गेला आणि वर आला. मालदिनी कॅप्टनचा पोरगा, शहरातला, देखणा, पहिल्या दिवसापासून घरातलाच, त्याला क्लबमध्ये आपलं म्हणवून घ्यायला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती, आणि हेच त्यांना खुपत असणार. क्लबने त्या दिवशी त्याच्या बाजूने ठणकावून काही बोलावं तर तेही फारसं झालं नाही. तो स्वतः मात्र बोलला, की मी त्यांच्यातला नाही याचा मला अभिमान आहे.

पुढच्या रविवारी, ३१ मे ला, फ्लोरेन्सला खरी शेवटची मॅच. मिलान २-० ने जिंकली, आणि फियोरेंतिनाच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मालदिनीची ३ नंबरची जर्सी क्लबने बंद केली, अट एकच, त्याच्या मुलांपैकी कुणी मिलानच्या सीनियर टीममध्ये आला तरच ती उघडायची. धाकटा डॅनियल आला, पण तो डिफेंडर नाही, पुढे खेळतो, आणि त्याने २७ नंबर घेतला. २०२२ ला मिलानने लीग जिंकली तेव्हा डॅनियल टीममध्ये होता आणि बाप क्लबचा टेक्निकल डायरेक्टर, तारीख २२ मे, वेम्बलीवाली. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, नव्या अमेरिकन मालकांनी पाओलोला काढून टाकलं, आणि या वेळी त्याच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलले ते फॅनच.

१४ ऑक्टोबर २०२४ ला इटली विरुद्ध इस्रायल, सेकंड हाफला डॅनियल सब म्हणून उतरला, आजोबा आणि बापानंतर निळी जर्सी घालणारा घरातला तिसरा. मैदान उदिनेचं होतं.