ऑस्टिओकॉन्ड्रोसिस

हाडाच्या ठरावीक भागाला रक्त कमी पडल्याने किंवा एकाच जागी वारंवार ताण व सूक्ष्म इजा होत राहिल्याने वाढत्या हाडांत उद्भवणाऱ्या विकारांचा हा गट आहे. बहुतेक विकार ३ ते १५ वर्षांच्या दरम्यान दिसतात. जुन्या पुस्तकांत त्यांना ऑस्टिओकॉन्ड्रायटिस म्हटले जाई. त्या नावातून हाडाला सूज किंवा जंतुसंसर्ग झाल्याचा समज होतो आणि तो चुकीचा आहे.

हाड जिवंत ऊतक असते आणि त्याला सतत रक्त लागते. मुलांच्या हाडाच्या टोकाभोवती कूर्चेचे आवरण असते. सांध्याच्या पृष्ठभागावरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने आतल्या हाडाला मोजक्या, अरुंद वाटांनीच रक्त मिळते. खुब्याच्या सांध्यातील मांडीच्या हाडाचा गोल माथा हे याचे ठळक उदाहरण. साधारण ४ ते ८ वर्षांच्या वयात त्याचा रक्तपुरवठा त्याखालच्या अरुंद भागाला, म्हणजे हाडाच्या मानेला, लगटून वर चढणाऱ्या थोड्या वाहिन्यांवरच अवलंबून असतो. या माथ्याचा पर्थेस विकार नेमका याच वयात जास्त आढळतो, मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पटींनी अधिक.

या विकारांत पुढे काय घडते हे नीट समजून घ्यायला हवे, कारण उपचारांची सारी दिशा त्यावरून ठरते. रक्त तुटल्यावर हाडातल्या पेशी मरतात, पण हाड लगेच ढासळत नाही; खनिजांचा सांगाडा काही काळ भार पेलतो. खरा धोका दुरुस्तीच्या काळात असतो. नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मृत हाड शोषले जाऊ लागते आणि नवे हाड भरून येईपर्यंत तो भाग मऊ राहतो. त्या अवधीत पडलेल्या भाराने माथा चपटा होऊ शकतो. पर्थेसमध्ये हे सारे पुरे व्हायला २ ते ४ वर्षे लागतात.

यातील बहुतेक विकारांना वैद्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी अनेकांची वर्णने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली आहेत. १८९५ मध्ये लागलेला क्ष-किरणांचा शोध हे त्याचे उघड कारण. १९१० मध्ये लेग, काल्व्हे व पर्थेस यांनी तीन वेगवेगळ्या देशांत खुब्याच्या या विकाराचे वर्णन केले. आदल्याच वर्षी वाल्डेनस्ट्रोम यांनी तो पाहिला होता, पण त्यांना तो क्षय वाटला. १९०३ मधील ऑसगुड-श्लॅटर विकारात गुडघ्याच्या वाटीखालचा नडगीचा उंचवटा दुखतो. पायाच्या कमानीतील नौकाकृती हाडाचा विकार कोलर यांच्या, पायाच्या दुसऱ्या बोटामागील लांब हाडाच्या टोकाचा फ्रायबर्ग यांच्या, तर टाचेचा सेव्हर यांच्या नावाने ओळखला जातो.

एकाच गटात असले तरी हे सारे एकाच कारणाचे नाहीत. पर्थेस व कोलर विकारांत रक्तपुरवठ्याचा प्रश्न मुख्य असतो. ऑसगुड-श्लॅटर व सेव्हर विकार प्रामुख्याने ओढीमुळे होतात: धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा अजून पक्क्या न झालेल्या हाडाला पुन्हापुन्हा खेचते. अशा मुलांना खेळ कमी करणे, बर्फाचा शेक आणि स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम बहुधा पुरतात. वाढ पूर्ण होऊन तो भाग मूळ हाडाशी जुळला की दुखणे सहसा थांबते.

पर्थेसमध्ये पालकांची फसगत होते. मूल लंगडते, पण बोट गुडघ्याकडे किंवा मांडीकडे दाखवते. गुडघ्याची तपासणी निर्दोष निघाली की दुखणे खोटे ठरवले जाते. अशा वेळी खुबा तपासायलाच हवा. सुरुवातीला क्ष-किरण चित्र स्वच्छ दिसू शकते. एमआरआय बदल लवकर दाखवतो. माथा खुब्याच्या वाटीत नीट बसलेला ठेवणे हे उपचारांचे सूत्र आहे. त्यासाठी कधी नुसती देखरेख, कधी आधारपट्टे, कधी शस्त्रक्रिया लागते. ६ वर्षांच्या आतील मुलांत परिणाम सामान्यतः चांगला असतो, कारण माथ्याला पुन्हा गोल व्हायला वाढीची वर्षे शिल्लक असतात. ८ वर्षांनंतर ती संधी आटत जाते.

प्रौढांत ही संधी नसतेच. मनगटातील चंद्राकृती हाडाचा कीनबॉक विकार बहुधा २० ते ४० वर्षांच्या, हाताने कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत आढळतो. मांडीच्या हाडाची मान मोडणे, स्टिरॉइडचा दीर्घ वापर, अतिमद्यपान, सिकलसेल आजार आणि खोल पाण्यातून वेगाने वर येणे यांमुळे प्रौढांच्या खुब्याचा माथा मृत होऊ शकतो. माथा ढासळण्याआधी निदान झाले, तर हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. ढासळल्यावर बहुतेकदा सांधा बदलावा लागतो.