जुन्या मोटरसायकलचं इग्निशन टायमिंग लावणे

प्लगला ठिणगी पिस्टनच्या कोणत्या जागेवर पडावी हे पॉइंटवर (फिरणाऱ्या उंचवट्यानं, म्हणजे कॅमनं, उघडणारा विजेचा संपर्क; तो उघडला की ठिणगी पडते) बांधून देण्याचं काम. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज, पण जालना-परभणी-नांदेडकडं पॉइंटवर चालणारी कुठलीही जुनी बुलेट, येझदी, राजदूत व्हिंटेजमध्येच धरतात, इथंही तसंच धरलंय.

ठिणगीची वेळ अशी बांधायची पद्धत मुळात कुणाची यावर वाद आहे. फ्रान्समधल्या लेन्वारनं 1860 च्या गॅस इंजिनात कॉइलची (वीज उच्च दाबाची करणारं वेटोळं) ठिणगी वापरली, द दिऑन-बूताँ या फ्रेंच कंपनीनं 1890 च्या दशकात कॅमवर उघडणारा पॉइंट आणला, बॉश कंपनीतल्या होनोल्डचा हाय टेन्शन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) 1902 च्या सुमाराचा, आणि अमेरिकन पुस्तकं बहुतेक श्रेय अमेरिकन इंजिनिअर केटरिंगला (साधारण 1910) देतात. बुलेटची बॅटरी-कॉइल मांडणी केटरिंगच्या जवळची आहे हे खरं, पण कॅमनं ठिणगीची वेळ बांधायची कल्पना आधीची, त्यामुळं टायमिंगपुरतं द दिऑनचं पारडं जड वाटतं.

जुन्या 350 बुलेटला पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी आणि ठिणगी टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 0.8 मिमी आधी, अॅडव्हान्स (ठिणगी आणखी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागं असताना; 90 मिमी स्ट्रोकला (पिस्टनची वर-खाली चाल) हे अंदाजे 9-10 अंश होतात. गॅप आधी लावायचा, टायमिंग नंतर, हा क्रम मोडूच नये, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढं जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, उलट पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होऊन ते मागं पडतं. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटानं मोकळे फिरले म्हणजे कॉम्प्रेशनचा टॉप, ठिणगी जिथं हवी तो. प्लग काढून, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये मागचं चाक पुढंच फिरवत त्या 0.8 मिमीच्या जागेवर यायचं, पुढं गेलं तर बरंच मागं घेऊन परत यायचं, नाहीतर गिअरांचा ढिलेपणा मोजमापात येतो. स्विच चालू ठेवून अॅमीटरचा काटा शून्यावर आला तिथं पॉइंट उघडला. पॉइंटमध्ये धरलेला सिगारेटचा कागद सुटणं ही जुनी खूण पण चालते. बुलेटचा प्लग तिरका असल्यानं भोकातून घातलेली तार नेमकं अंतर दाखवत नाही, क्रँकवर अंशांची चकती लावणं जास्त भरवशाचं.

टायमिंग फार पुढं असलं की किक उलटी बसते, पायाला इजा होऊ शकते, आणि चढाला इंजिन खडखडतं. फार मागं असलं की ओढ जाते, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. मराठवाड्यातल्या चाळिशीपारच्या उन्हात खडखड लवकर सुरू होते, तेव्हा किंचित मागं ठेवलेलं बरं.

येझदी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते म्हणून कॉम्प्रेशन शोधायची भानगड नाही. त्यांचं टॉपच्या आधीचं अंतर मात्र मॉडेलगणिक बदलतं, ते त्या गाडीच्या मॅन्युअलवरूनच घ्यावं.