मँडोलिन-गिटार जुगलबंदी (ब्लूग्रास)

ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकारात फक्त मँडोलिन आणि गिटार या दोन वाद्यांवर, बहुधा दोन आवाजांच्या सोबतीने, होणारे वादन. ब्लूग्रासच्या पूर्ण ताफ्यात बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन आणि ठेका धरणारा डबल बेसही असतो. इथे त्यांपैकी कोणीच नसते. मराठी वाचकाला ‘जुगलबंदी’ हा शब्द पटकन सुचतो आणि तो चुकीचाही नाही, मात्र सवाल-जवाबाची चढाओढ या प्रकारात फारशी नसते. एक जण पुढे होऊन वाजवत असताना दुसरा काय करतो, यावर सगळा डोलारा उभा असतो. या जोड्यांच्या वेगाचे कौतुक नेहमी होते. त्यांच्या साथीचे त्याहून जास्त व्हायला हवे.

मँडोलिनला चार जोड्यांत आठ तारा असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. हिंदी चित्रपटगीतांमुळे आपल्या कानांना तिचा थरथरत लांबणारा सूर ओळखीचा आहे. ब्लूग्रासमध्ये तोही ऐकू येतो, पण तिचे रोजचे काम आहे ‘चॉप’. जी कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह) चॉप धरताना जी तारेवर सातवा पडदा, डी तारेवर पाचवा, ए तारेवर दुसरा आणि ई तारेवर तिसरा दाबावा लागतो. चारही बोटे ताणून बसवायची, पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने, एक आघात करायचा आणि त्याच क्षणी बोटे सैल सोडून आवाज तोडायचा. उरतो तो केवळ एक कोरडा ‘चक्’. चार मात्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर गिटारचा जाड तारेवरचा खर्ज पडतो, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा चॉप. या दोघांचा मिळून एक ढोलच तयार होतो.

अडचण सुरू होते ती स्वतंत्र आवर्तन घेताना. या आवर्तनाला वादक ‘ब्रेक’ म्हणतात. मँडोलिन धून घेऊन पुढे सरकली की चॉप गेला. आता खर्ज आणि चॉपच्या (दुसऱ्या-चौथ्या) मात्रा, दोन्ही गिटारवादकाला एकट्याने सांभाळावे लागतात. शिवाय कॉर्ड बदलताना मधली जागा खर्जाच्या छोट्या सरकत्या तानेने भरावी लागते. गिटारचा ब्रेक आला की उलटे होते. खर्ज नाहीसा होतो आणि खाली उरतो फक्त तो ‘चक्’. अशा वेळी लय हळूहळू चढत जाण्याची भीती मोठी असते, कारण तिला रोखून धरायला बेस नाही. मँडोलिनवादकाची खरी परीक्षा इथेच होते.

तारांच्या जुळणीतही एक गंमत आहे. गिटारच्या जाड चार तारा ई, ए, डी, जी. मँडोलिनच्या जी, डी, ए, ई. तोच क्रम, फक्त उलटा. म्हणून एका वाद्यावरची बोटांची रचना दुसऱ्यावर उलटी करून बसवता येते. फिडलच्या नाचाच्या धुना मात्र मँडोलिनवर सहज बसतात, कारण जुळणी एकच. गिटारवर त्याच धुनांसाठी हात जास्त पळवावा लागतो. ए स्वरातली धून असेल तर गिटारवादक दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारांत ती वाजवतो.

या जोडीचे मूळ ब्लूग्रासच्याही आधीचे आहे. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेच्या दक्षिण भागात भावा-भावांच्या जोड्या रेडिओवर गात. दोन माणसे, दोन हलकी वाद्ये, एक मायक्रोफोन, एवढ्यावर भागत असे. केंटकीच्या रोझीन गावचे चार्ली मन्रो (गिटार) आणि बिल मन्रो (मँडोलिन) यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे पहिले ध्वनिमुद्रण केले आणि १९३८ मध्ये वेगळे होईपर्यंत ६० गाणी मुद्रित केली. त्याच १९३६ साली शार्लटमध्येच बिल आणि अर्ल बोलिक या ‘ब्लू स्काय बॉइज’नी आपली पहिली गाणी मुद्रित केली. बोलिक बंधूंचे वादन संथ आणि मऊ, तर मन्रो बंधूंचे घाईचे आणि धारदार. पुढे बिल मन्रो यांनी ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच काढला आणि त्यावरून या संगीताला नाव मिळाले. त्यांची गिब्सन एफ-५ मँडोलिन ९ जुलै १९२३ या तारखेची, गिब्सन कंपनीतले वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांच्या सहीची. १९४० च्या दशकात ती त्यांना मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात मिळाली.

तोवर गिटार साथीलाच होती. तिला मँडोलिनच्या बरोबरीने उभे करण्याचे मोठे श्रेय डॉक वॉटसन (१९२३–२०१२) यांना जाते. नॉर्थ कॅरोलायनातील डीप गॅपचे हे अंध वादक १९५० च्या दशकात एका नाचाच्या बँडमध्ये होते. त्या बँडमध्ये फिडलवादक नव्हता, म्हणून फिडलच्या धुना त्यांनी गिटारवरच बसवल्या. गरजेपोटी सुरू झालेली ती वाट पुढे ‘फ्लॅटपिकिंग’ची, म्हणजे पिकने गिटारवर धून वाजवण्याच्या पद्धतीची, मुख्य वाट झाली. त्यांना ऐकलेल्यांपैकी एक म्हणजे कॅलिफोर्नियातील ‘केंटकी कर्नल्स’ या बँडचे गिटारवादक क्लॅरन्स व्हाइट. त्यांचे थोरले भाऊ रोलंड मँडोलिन वाजवत. १९६१ मध्ये रोलंड सैन्यात गेले आणि ती रिकामी जागा भरण्यासाठी क्लॅरन्स यांची गिटार पुढे आली. १९७३ मध्ये मद्यधुंद चालकाच्या गाडीची धडक बसून क्लॅरन्स गेले. तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

बिल मन्रो आणि डॉक वॉटसन यांना एकत्र आणले राल्फ रिंझलर यांनी. दोघांच्या कार्यक्रमांची व्यवस्था ते पाहत. १९६३ ते १९८० मधील या मैफलींची ध्वनिमुद्रणे स्मिथसोनियन फोकवेज या ध्वनिमुद्रण संस्थेने १९९३ मध्ये प्रकाशित केली. मन्रो भावासोबत गात असत तीच गाणी इथे पुन्हा भेटतात, पण गिटार आता बरोबरीने बोलते.

यानंतर थांबावे ते गिटारवादक टोनी राइस (१९५१–२०२०) यांच्यापाशी. क्लॅरन्स व्हाइट यांची १९३५ ची मार्टिन डी-२८ गिटार त्यांनी १९७५ मध्ये मिळवली. तिचे ध्वनिछिद्र नेहमीपेक्षा मोठे होते. १९८० मध्ये मँडोलिनवादक रिकी स्कॅग्ज यांच्यासोबत त्यांनी ‘स्कॅग्ज अँड राइस’ हा संग्रह केला. दोन वाद्ये, दोन आवाज, बाकी काही नाही. तो ऐकताना पहिल्यांदा मँडोलिन ऐकावी आणि दुसऱ्यांदा फक्त मँडोलिनमागची गिटार. राइस साथीतला ठोका कधी अर्ध्या क्षणाने उशिरा टाकतात, कधी गाळतातही, पण लय तसूभर हलत नाही. पुढे १९९४ मध्ये मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन यांच्याबरोबर ‘टोन पोएम्स’ झाला. त्यात प्रत्येक रचनेसाठी वेगळी जुनी मँडोलिन आणि वेगळी जुनी गिटार घेतली आहे, त्यामुळे लाकूड आणि बांधणी बदलली की सूर किती बदलतो, हे एकाच बैठकीत कळते.

अलीकडच्या जोड्यांत क्रिस थिली (मँडोलिन) आणि मायकल डेव्हज (गिटार) (संग्रह, २०११) यांचे वादन आडदांड आहे. ते जुनीच गाणी घेतात, पण दोरी तुटेल इतकी ताणतात. मिशिगनचे गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज हेही मोठ्या प्रेक्षागृहांत पोहोचण्यापूर्वी डॉन जुलिन यांच्या मँडोलिनसोबत अशीच जोडी करून वाजवत. त्यांचे दोन संग्रह २०१३ आणि २०१४ मध्ये निघाले.