गर्भाशयशोथ, दुभत्या गाईंतील
विण्याच्या वेळी किंवा त्यानंतर गर्भाशयात जंतू शिरून होणारा दाह. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक गाईंच्या गर्भाशयात जंतू सापडतातच, त्यामुळे केवळ जंतू आढळले म्हणून रोग ठरत नाही. निरोगी गाय त्यांचा निचरा स्वतःच करते. वार अडकलेली, जुळी व्यायलेली किंवा हात घालून सोडवलेली गाय मात्र बऱ्याचदा मागे पडते.

रोगाची सीमा कोठे आखावी, हा वाद जुना आहे. २००६ मध्ये पशुवैद्यक संशोधक शेल्डन व सहकाऱ्यांनी सुचवलेली विभागणी आता बहुधा स्वीकारली जाते आणि तीच अधिक उपयुक्त वाटते. त्या विभागणीनुसार विण्यापासून २१ दिवसांच्या आत गर्भाशय वाजवीपेक्षा मोठे राहून तांबूस-तपकिरी, पातळ व दुर्गंधीयुक्त स्राव होत असल्यास तो गर्भाशयशोथ. २१ दिवसांनंतर पुवाचा स्राव, किंवा २६ दिवसांनंतर पूमिश्रित सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसल्यास अंतःस्तरशोथ, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा दाह. आणि पीतपिंड (बीज सुटल्यावर बीजकोशात तयार होणारी पिवळी गाठ) टिकून असताना आत पू साचल्यास पूगर्भाशय. बाहेरून काहीच न दिसणारा सुप्त प्रकार अस्तराच्या पेशी तपासूनच कळतो. २१ ते ३३ दिवसांच्या काळात १८ टक्क्यांहून अधिक आणि ३४ ते ४७ दिवसांत १० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी, अशी मर्यादा त्यासाठी सुचवलेली आहे. तथापि इतर अभ्यासक वेगळे आकडे धरतात, म्हणून निरनिराळ्या पाहण्यांतील प्रमाणांची तुलना जपून करावी लागते.

जंतूंच्या नावांचाही असाच घोळ आहे. एश्चेरिकिया कोलाय सहसा प्रथम येतो. त्यामागून येणाऱ्या, पू करणाऱ्या प्रमुख जंतूला जुन्या ग्रंथांत कोरिनेबॅक्टेरियम, नंतर ॲक्टिनोमायसिस व अर्कॅनोबॅक्टेरियम म्हटले आहे. २०११ पासून तो ट्रुपेरेला पायोजेनिस होय. हे ठाऊक नसल्यास एकच जंतू चार वेगळे समजले जातात.

प्रजननावरील परिणाम केवळ गर्भाशयापुरता राहत नाही. कोलाय जंतूच्या आवरणातील विष बीजकोशातील पुटिकेपर्यंत (बीज वाढवणाऱ्या द्रवभरल्या पिशवीपर्यंत) पोहोचते, इस्ट्रोजेनची निर्मिती घटते आणि बीजविमोचन लांबते. ट्रुपेरेलाचे पायोलायसिन हे विष अस्तराखालील पेशी फोडते. पूगर्भाशयात पीतपिंड विरघळत नसल्याने गाय माजावरच येत नाही. स्राव थांबल्यावरही काही गाई उलटत राहतात, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. त्याचे एक संभाव्य कारण असे, की पुटिकेची वाढ कित्येक आठवडे चालते आणि दाहाच्या काळात वाढू लागलेले बीज पुढे निकृष्ट निघते.

माजाचा निरोगी सोट काचेसारखा नितळ असतो व शेपटीला तारेसारखा लोंबतो. त्यात दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर रेतन थांबवून तपासणी करावी. पीतपिंड असल्यास ते विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा हे संप्रेरक देतात. प्रतिजैविक दिल्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत दूध संकलनास घालू नये.

गोव्यात दुधासाठी प्रामुख्याने जर्सी व होल्स्टीन संकरित गाई पाळल्या जातात. श्वेतकपिला ही येथील देशी जात कमी दूध देते. जून ते सप्टेंबर या काळात गोठ्याची जमीन सुकत नाही, म्हणून त्या दिवसांत विणाऱ्या गाईखाली कोरडे गवत घालणे हा साधा पण महत्त्वाचा उपाय ठरतो. एकाच गोठ्यात गाभ टाकण्याचे व वार अडकण्याचे प्रकार पुन्हापुन्हा घडल्यास ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतुजन्य रोगाची शंका घ्यावी. तो माणसालाही होत असल्याने अशी वार उघड्या हाताने काढू नये. त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना (मादी वासरांना) देतात.