नेत्र सहायकाचं सीओए प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि कामाची तयारी

डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंट डॉक्टरांसमोर बसतो तोवर त्याची निम्मी तपासणी उरकलेली असते. कोणत्या डोळ्याला किती दिसतं, डोळ्याचा दाब किती, सध्याच्या चष्म्याचा नंबर काय, मधुमेह आहे का, कोणते थेंब चालू आहेत, हे सगळं केसपेपरवर आलेलं असतं. ते आणणारा माणूस म्हणजे नेत्र सहायक. डॉक्टर त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून पुढचा निर्णय घेतात, म्हणूनच या कामाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र या गोष्टी गंभीरपणे घ्यायच्या.

या क्षेत्रात अनेक देशांत ओळखलं जाणारं प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल जॉइंट कमिशन ऑन अलाइड हेल्थ पर्सोनेल इन ऑफ्थॅल्मॉलॉजी. ती 1969 साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या मुख्य पायऱ्या तीन: सर्टिफाइड ऑफ्थॅल्मिक असिस्टंट म्हणजे सीओए, त्यावर टेक्निशियनची सीओटी आणि सगळ्यात वरची मेडिकल टेक्नॉलॉजिस्टची सीओएमटी. नव्याने येणारे बहुतेकजण सीओएपासून सुरुवात करतात, म्हणून इथे तिचीच माहिती देत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सीओए हा सरकारी परवाना नाही. तुम्ही जिथे काम करता तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी नोंदणी सक्तीची असेल तर ती वेगळी करावीच लागते. शिवाय हे प्रमाणपत्र मिळालं म्हणून निदान करण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार येत नाही. सहायक मोजतो, नोंदवतो, मदत करतो, समजावून सांगतो. अर्थ लावण्याचं काम नेत्रतज्ज्ञाचं.

पात्रता: तीन वाटा

पहिली वाट मान्यताप्राप्त क्लिनिकल अभ्यासक्रमाची. नेत्र सहायकाच्या ज्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष पेशंटवरचं प्रशिक्षण अंतर्भूत आहे तो पूर्ण केला असेल, तर वेगळ्या कामाच्या अनुभवाची अट नाही.

दुसरी वाट मान्यताप्राप्त पण बिगर-क्लिनिकल अभ्यासक्रमाची. इथे वर्गातलं शिक्षण झालेलं असतं, हात बसलेला नसतो. म्हणून नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली 500 तास काम केल्याचा पुरावा मागतात.

तिसरी वाट सर्वांत जास्त वापरली जाते, कारण बहुतेक लोक आधी कामाला लागतात आणि मग शिकतात. त्यासाठी उच्च माध्यमिक किंवा समकक्ष शिक्षण, कमिशनने मान्य केलेला स्वयं-अध्ययन कोर्स आणि नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली 1000 तासांचं काम लागतं.

अनुभवाचे हे तास अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतले असावे लागतात. या एका अटीवर अर्धवेळ काम करणाऱ्यांचं गणित बिघडतं. आठवड्याला 40 तास काम असेल तर 1000 तास 25 आठवड्यांत होतात. 20 तास असतील तर 50 आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्ष. आणि आठवड्याला 18 तासच मिळत असतील तर 52 आठवड्यांत 936 होतात, हजाराला ते पोचतच नाहीत. तुमची ड्यूटी अशी असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून तास वाढवून घ्या. वर्ष संपताना हे लक्षात येण्यात काही अर्थ नाही.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत ठेवा. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणतं काम, देखरेख कोणाची. दवाखान्याच्या हजेरीत फक्त येण्याजाण्याची वेळ असते. रिसेप्शनवर पावत्या फाडल्या ते तास आणि तपासणीच्या खोलीत व्हिजन घेतलं, म्हणजे पेशंटला किती दिसतं ते तपासलं, ते तास तिथे सारखेच दिसतात. तुमच्या वहीत ते वेगळे दिसले पाहिजेत. महिन्याच्या शेवटी त्यावर डॉक्टरांची सही घेतलीत, तर पुढे त्यांना सगळं आठवून लिहून द्यावं लागत नाही.

कागदपत्रं

शिक्षणाचा दाखला, अभ्यासक्रम किंवा स्वयं-अध्ययन कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, लागू असेल तिथे कामाच्या तासांचा तपशील आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या नेत्रतज्ज्ञाची शिफारस व सही. ओळखपत्र परीक्षेच्या दिवशी लागतं, पण त्याचा विचार अर्ज भरतानाच करा.

कारण सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावामुळे. दाखल्यावर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. लग्नानंतर बदललेलं नाव एकाच कागदावर. ओळखपत्रावर नाव जसं आहे अगदी तसंच अर्जात लिहा. बाकीच्या कागदांवर ते वेगळं असेल तर नावबदलाचा अधिकृत पुरावा सोबत जोडा. ओळखपत्राची मुदत परीक्षेच्या तारखेपर्यंत आहे का, तेही बघून ठेवा.

डॉक्टरांची सही अगदी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शस्त्रक्रियेच्या दिवशी, दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत फॉर्म पुढे केला तर ते वाचणार कधी? ते सही करतात म्हणजे तुमच्या कामाची हमी देतात. शांतपणे वेळ मागून, वही दाखवून सही घ्या.

अर्जामागचं खरं काम

कागद जमतात. परीक्षा आणि नोकरी दोन्हींत माणूस अडतो तो तपासणीच्या बारकाव्यांवर, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवात व्हिजनपासून. तक्ता 6 मीटरवर किंवा 20 फुटांवर, प्रकाश पुरेसा, आधी एक डोळा मग दुसरा. ऐकायला सोपं आहे. पण पेशंटला तळहाताने डोळा झाकायला सांगितलं की बोटांच्या फटीतून बघणं सुरू होतं, बऱ्याचदा त्याच्याही नकळत. डोळा दाबून धरला तर त्याच डोळ्याची पाळी आल्यावर काही वेळ धूसर दिसतं. म्हणून ऑक्लुडर, म्हणजे डोळा झाकायची चकती, वापरायचा आणि तो नीट धरलाय का हे बघत राहायचं. तक्त्याकडे बघत बसू नका, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा. मान तिरकी झाली, डोळे किलकिले झाले, तर आकडा खरा येत नाही. दृष्टी कमी आढळली तर पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, लावून पुन्हा घ्या. पिनहोलने सुधारली तर कारण चष्म्याच्या नंबरात असण्याची शक्यता जास्त. नाही सुधारली तर डॉक्टर दुसरीकडे शोध घेतील. चष्मा लावून घेतलं की चष्म्याशिवाय, हेही लिहायचंच.

उजवा आणि डावा. या दोन शब्दांची चूक या कामात सगळ्यात महाग पडते. तुम्ही पेशंटच्या समोर बसलेले असता, त्याचा उजवा तुमच्या डाव्या हाताला येतो. कितीही घाई असो, प्रत्येक आकड्याशेजारी डोळा लिहिल्याशिवाय पुढचा आकडा घेऊ नका. पेशंटचं नाव कागदावर वाचून त्यालाच "हे तुम्हीच ना?" असं विचारलं तर अर्धवट ऐकू येणारा माणूस मान डोलावतो. त्यापेक्षा त्याला स्वतःचं नाव आणि जन्मतारीख सांगायला लावा.

मग डोळ्याचा दाब. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा ही नेहमीची मर्यादा धरतात, पण काचबिंदूचं निदान नुसत्या दाबावर होत नाही. गोल्डमन टोनोमीटर या दाब मोजायच्या उपकरणाच्या चकतीवरचा आकडा दहाने गुणला की दाब मिळतो, दीड दिसलं तर 15. पेशंटने श्वास रोखून धरला, कॉलर घट्ट असली, डोळे आवळून घेतले किंवा पापणी उघडताना तुमचंच बोट बुबुळावर दाबलं गेलं, तर दाब खोटा वाढतो. बोट पापणीच्या मागच्या हाडावर टेकवायचं. एका डोळ्यात अनपेक्षित आकडा आला तर श्वास सोडायला सांगून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आपल्याला पटेल तो ठेवून दुसरा खोडायचा नाही. दोन पेशंटमध्ये टोनोमीटरचं टोक ठरलेल्या पद्धतीने निर्जंतुक केलंच पाहिजे, कारण डोळे येण्याची साथ पसरवणारा ॲडिनोव्हायरस अशाच वस्तूंवरून आणि हातांवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

बाहुली मोठी करणारे थेंब घालायच्या आधी क्रम पाळायचा. व्हिजन झालं का? बाहुलीची प्रकाशाला येणारी प्रतिक्रिया बघून झाली का? दाब? थेंब पडले की बाहुलीची तपासणी त्या दिवसापुरती संपली, आणि डोळ्याच्या नसेचा आजार ओळखायची एक खूण हातची गेली. शिवाय ज्यांच्या डोळ्याचा पुढचा कोन अरुंद आहे त्यांना या थेंबांनी काचबिंदूचा झटका येऊ शकतो, म्हणून थेंब डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. बाटलीवरचं नाव प्रत्येक वेळी वाचायचं, आकार आणि रंगावर जायचं नाही. ॲलर्जी विचारायची. आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसेल, उजेड टोचेल, स्वतः गाडी चालवून जाऊ नका, हे थेंब घालण्याआधी सांगायचं. थेंब पडल्यावर हे ऐकणाऱ्या पेशंटकडे दुसरी सोय उरलेली नसते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी मोजतात, त्यावर आत बसवायच्या भिंगाची पॉवर ठरते. या मोजमापात 1 मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीच ते तीन डायऑप्टरने (भिंगाच्या नंबराचं एकक) चुकतो. डोळ्याला टेकवून लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅन या अल्ट्रासाउंड उपकरणाचं टोक बुबुळावर जरा जास्त टेकलं तरी डोळा दाबला जाऊन लांबी कमी येते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने त्या किती दिवस आधी काढल्या होत्या, हेही विचारायला हवं, कारण लेन्समुळे बुबुळाचा आकार बदललेला असतो.

फोन उचलणं हेही सहायकाचंच काम आणि मला ते तपासणीइतकंच मोलाचं वाटतं. "डोळ्यात ॲसिड उडालं" म्हणून कोणी आलं तर व्हिजन, केसपेपर, पैसे सगळं बाजूला. आधी डोळा भरपूर धुवायला घ्यायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची. अचानक, न दुखता एका डोळ्याने दिसेनासं झालं. विजा चमकल्यासारखं दिसतंय, काळे ठिपके वाढलेत, पडदा ओढल्यासारखं वाटतंय. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला आणि दिसणं कमी झालं. यांतलं काहीही ऐकलं की "उद्या सकाळी या" म्हणायचं नाही. लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायचं. फोनवर धीर द्यायचा, निदान द्यायचं नाही.

अर्ज आणि परीक्षा

अर्ज भरण्याआधी कमिशनच्या हँडबुकची चालू आवृत्ती पूर्ण वाचा आणि शुल्क व अटी तिथूनच बघा, ओळखीच्याने दोन वर्षांपूर्वी काय भरलं त्यावर जाऊ नका. आपली वाट ठरवायची, अर्ज भरायचा, कागद जोडायचे, शुल्क भरायचं. पात्रता मान्य झाली की परीक्षेची तारीख आणि केंद्र घेता येतं. शारीरिक अडचणीमुळे जास्त वेळ किंवा वेगळी सोय हवी असेल तर ती मागणी अर्जासोबतच करा.

परीक्षा संगणकावर होते. 200 बहुपर्यायी प्रश्न, 3 तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिटाहूनही कमी. या पायरीवर हस्तकौशल्याची वेगळी परीक्षा नाही, ती सीओटीपासून सुरू होते. तरी प्रश्न अशा पद्धतीने येतात की ज्याने चष्म्याचा नंबर मोजणारा लेन्सोमीटर स्वतः फिरवलेला नाही त्याला पाठांतर फार पुरत नाही. माहिती घेणं आणि नोंदी, दृष्टी, बाहुली, दाब, डोळ्यांच्या हालचाली, दृष्टिक्षेत्र, चष्म्याचा नंबर, केरॅटोमेट्री (बुबुळाच्या वक्रतेचं मोजमाप), बायोमेट्री (डोळ्याच्या लांबीसारखी मोजमापं), फोटो व स्कॅन, औषधं, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेतली मदत, उपकरणांची देखभाल, पेशंटची गोपनीयता असा विस्तार आहे. दवाखान्यात रोज जे करत नाही त्यालाच अभ्यासात जास्त वेळ द्या. बहुतेकांच्या बाबतीत तो भाग म्हणजे प्रकाशशास्त्र आणि भिंगांचं गणित.

नूतनीकरण

प्रमाणपत्र 36 महिन्यांसाठी असतं. त्या मुदतीत निरंतर शिक्षणाचे 18 क्रेडिट मिळवून ते पुढे चालू ठेवता येतं, किंवा पुन्हा परीक्षा देऊन. एखाद्या कार्यशाळेला जाण्याआधी तिचे क्रेडिट कमिशन मान्य करतं का, हे नोंदणीच्या वेळीच विचारा. वर्षाला सहा क्रेडिट धरले तर ओझं होत नाही. हजेरीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून तारखेनुसार फाइलमध्ये टाका, आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख कॅलेंडरमध्ये आजच लिहून ठेवा.